साष्टींतील तीन तलाव : पाणलोटाची राखण आणि पाण्याची शुद्धता

तळीं, बारवा व धरणें यांचा इतिहास लिहितांना तें काम कोणीं केलें, केव्हां केलें व त्यास द्रव्य किती लागलें, या तीन प्रश्नांचीं उत्तरें सांपडलीं म्हणजे लेखकाचें समाधान होतें. शिलालेखही बहुधा तेवढेंच सांगतात. परंतु बांधलेलें पाणी पुढें शुद्ध राहिलें कीं नाहीं, राहिलें असल्यास कोणाच्या राखणीनें राहिलें व बिघडलें असल्यास तें कोठून बिघडूं लागलें, हा चवथा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः तळें बांधणें हें कांहीं वर्षांचें काम, व त्याचें पाणी राखणें हें पिढ्यांचें काम आहे. बांधणाराचें नांव दगडावर कोरलें जातें. राखणाराचें नांव कोठेंच नसतें. त्याचा पुरावा खरेदीखतें, पट्टे, हद्दीचे नकाशे व खुद्द पाण्याची स्थिति यांतूनच शोधून काढावा लागतो.

प्रस्तुत लेखांत आम्ही साष्टी बेटांतील विहार, तुळशी व पवई या तीन तलावांचा या दृष्टीनें विचार करणार आहों. तिन्ही तलाव एकाच डोंगराच्या आश्रयानें, एकाच शहराकरितां, अवघ्या पस्तीस वर्षांच्या अवधींत झाले. पाऊस तोच, खडक तोच, व बांधणारें सरकारही तेंच. असें असतां पहिले दोन आजही मुंबईस पिण्याचें पाणी देतात, व तिसऱ्याचें पाणी पिण्यास अयोग्य ठरून तो सोडून द्यावा लागला. हा फरक कशामुळें पडला, याचें उत्तर आमच्या मतें तलावाच्या पात्रांत नसून त्याच्या पाणलोटांत आहे.

(१)

पाण्याजवळ घाण करूं नये, हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. मनुस्मृतीच्या चवथ्या अध्यायांत मलमूत्र, थुंकी, रक्त, विष इत्यादि वस्तु पाण्यांत टाकूं नयेत असा निर्बंध आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नागरिक नामक नगराधिकाऱ्याचीं कर्तव्यें सांगतांना पुण्यस्थान, उदकस्थान, देवालय व राजाची जागा या ठिकाणीं मलोत्सर्ग करणारास एक पणापासून चढता दंड सांगितला आहे. मात्र औषध, व्याधि किंवा भीति यांमुळें तसें घडल्यास दंड करूं नये, असा अपवादही ठेविला आहे. पहिला नियम धर्माचा व दुसरा राज्याचा. पहिल्यांत पाण्यांत काय टाकूं नये हें सांगितलें, व दुसऱ्यांत पाण्याभोंवतीची जागाही संरक्षणाखालीं आली. हा भेद लहान दिसतो, पण पुढील सर्व इतिहासाचें बीज त्यांत आहे.

मराठी राजनीतींतील प्रमाणग्रंथ म्हणजे रामचंद्रपंत अमात्य यांचें आज्ञापत्र. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतील या ग्रंथांत दुर्गांचें प्रकरण आहे, व त्यांतील पाण्याविषयींचा भाग आमच्या वाचकांच्या परिचयाचा असेलच. गड बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें, नसल्यास खडक फोडून टांकीं करावीं, एका झऱ्यावर विसंबूं नये, राखीव टांक्यांतील पाणी खर्चूं देऊं नये व गडाचें पाणी फार जपून राखावें, अशी त्यांतील आज्ञा आहे. ह्याच प्रकरणांत गडावर केरकचरा पडूं न देण्याविषयीं व तो गडाखालीं न टाकतां जागच्या जागीं जाळून त्याची राख परसांतील भाजीपाल्यास घालण्याविषयीं जें सांगितलें आहे, त्याकडे पाण्याच्या दृष्टीनें पाहिलें जात नाहीं. गडाचा माथा हाच टांक्यांचा पाणलोट. माथ्यावरील केर पहिल्या पावसासरशी टांक्यांतच उतरावयाचा. म्हणून पाणी राखण्याची आज्ञा व केराची आज्ञा या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असें आम्हांस वाटतें.

(२)

आतां साष्टीकडे वळूं. तुळशी तलावापासून जवळच कान्हेरीचीं लेणीं आहेत. प्राचीन लेखांत या डोंगराचें नांव कृष्णगिरि किंवा कण्हसेल असें येतें. शंभरांहून अधिक लेण्यांच्या या वसाहतींत बहुतेक प्रत्येक लेण्याजवळ खडकांत कोरलेलें पाण्याचें टांकें आहे, व त्यास लेखांत पोढी किंवा पाणियपोढी असा शब्द आहे. कल्याणच्या एका सोनारानें अशी पोढी दान दिल्याचा लेख तेथें आहे. दुसरा एक लेख तर आपल्या प्रांताच्या राजकीय इतिहासांत प्रसिद्धच आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी ही कार्दमक कुलांतील महाक्षत्रपाची कन्या होती हें ज्या खंडित संस्कृत लेखावरून समजतें, तो लेख एका टांक्याच्या दानाचा आहे. दाता शतेरक नामक अमात्य. राजकुलांच्या सोयरिकीचा हा महत्त्वाचा पुरावा आपणांस पाण्याच्या टांक्यानें दिला, हें संशोधकांनीं विसरूं नये.

कान्हेरीच्या रचनेंत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, टांक्यांत येणारें पाणी डोंगराच्या उघड्या खडकावरून, कोरलेल्या चरांवाटे येतें. ज्या भिक्षूंनीं तें प्यावयाचें, त्यांच्याच डोक्यावरील खडक हा त्याचा पाणलोट. पिणारा व राखणारा एकच असल्यामुळें राखणीकरितां निराळा कायदा नको होता. पुढें शहरें वाढलीं व पिणारा एकीकडे आणि पाणलोट दुसरीकडे अशी स्थिति आली, तेव्हां हा सांधा निखळला.

साष्टी बेट पोर्तुगीजांकडून मराठ्यांनीं १७३७ सालीं घेतलें, १७७४ च्या अखेरीस तें इंग्रजांच्या हातीं गेलें, व १७८२ च्या सालबाईच्या तहानें त्यांजकडेच कायम झालें. मुंबई शहरास पुढें साष्टींतून पाणी आणतां आलें, याचें राजकीय मूळ या घडामोडींत आहे.

(३)

विहारचें पाणी येण्यापूर्वीं मुंबई शहर विहिरी व तळीं यांवर जगत होतें. त्यांपैकीं कित्येक दानशूर गृहस्थांनीं बांधलीं होतीं. कावसजी पटेल तलाव १७७५ च्या सुमाराचा. किल्ल्याबाहेरील मैदानानजीकच्या तळ्याच्या कामीं फ्रामजी कावसजी बानाजी यांनीं पैसा खर्च केला, म्हणून त्यास त्यांचें नांव देण्यांत आलें. परंतु लोकांच्या तोंडीं त्याचें नांव धोबीतलाव असेंच राहिलें. आमच्या मतें हें लोकप्रचलित नांव एखाद्या दप्तरांतील कागदाइतकेंच विश्वसनीय आहे. दगडावरील नांवावरून तळें कोणाच्या द्रव्यानें झालें हें कळतें, व लोकांच्या नांवावरून त्याचा उपयोग कशाकरितां होत होता हें कळतें. ज्या पाण्यांत शहराचीं वस्त्रें धुतलीं जात, त्या पाण्याची अवस्था काय असावी याची कल्पना त्या एका शब्दावरून येते. गोवालिया तळ्याच्या नांवांतही गुराख्यांची व गुरांची आठवण शिल्लक आहे.

१८४९ च्या गणतींत मुंबईची लोकसंख्या ५,६६,११९ भरली, व १८६४ सालीं ती ८,१६,५६२ झाली. उथळ विहिरी व उघडीं तळीं आणि त्यांच्या कांठीं दाट वस्ती, अशा स्थितींत पाणी पुरणें कठीण व शुद्ध राहणें त्याहून कठीण. १८५४ सालीं पाऊस कमी पडून टंचाई इतकी झाली कीं, शहरांतील गुरें माहीमकडे नेण्याची पाळी आली. पुढें तळ्यांची गरज संपल्यावर तीं डांसांचीं आगरें झालीं. डॉ. बेंटली यांनीं मुंबईंतील हिंवतापाच्या कारणांविषयीं केलेल्या चौकशीचा अहवाल १९११ सालीं प्रसिद्ध झाला. त्या सुमारास शहरांतील विहिरी झांकण्याचें व तळीं बुजविण्याचें धोरण बळावलें. धोबीतलाव, कावसजी पटेल तलाव, गोवालिया तलाव हीं आज केवळ स्थलनामें उरलीं आहेत. जें पाणी आपण राखिलें नाहीं तें शेवटीं बुजवावें लागतें, हा त्या स्थलनामांचा अर्थ.

(४)

अशा स्थितींत हेन्री कॉनिबेअर या अभियंत्यानें साष्टींतील विहार येथील खोरें अडवून तेथून नळानें पाणी आणण्याची योजना केली. लॉर्ड एल्फिन्स्टन हे गव्हर्नर असतां १८५६ सालीं कामास आरंभ झाला, व १८६० सालीं पाणी शहरांत आलें. तीन मातीचे बांध घालून मिठी नदीच्या उगमाचें पाणी अडविण्यांत आलें. आरंभीचा पुरवठा आजच्या मापानें रोज सुमारें ३ कोटि २० लक्ष लिटर होता. मुंबईंत सार्वजनिक नळाचें युग येथून सुरू होतें. गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ हें पुस्तक १८६३ सालचें, म्हणजे हें पाणी येऊन तीनच वर्षें झालीं होतीं तेव्हांचें आहे.

वाढत्या शहरास विहार अपुरा पडूं लागला, तेव्हां त्याच्या वरच्या अंगास तासो नदीवर तुळशी तलावाचें काम १८७२ सालीं सुरू होऊन १८७९ सालीं पुरें झालें. या दोन्ही तलावांच्या भोंवतीं डोंगर व रान होतें. पाणलोट पाणीपुरवठ्याकरितां राखला गेला, व पुढें तोच प्रदेश राखीव वन आणि राष्ट्रीय उद्यान या नात्यानें संरक्षणाखालीं आला. हें उद्यान प्रथम कृष्णगिरि, नंतर बोरिवली व आतां संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या नांवानें ओळखलें जातें, व त्याचें क्षेत्र सुमारें १०४ चौरस किलोमीटर आहे. वनाचें रक्षण वाघ-बिबट्यांकरितां व वृक्षांकरितां होतें असें आपण समजतों. पण कालक्रम पाहतां पाणी आधीं व उद्यान मागाहून, असें दिसतें. मुंबईसारख्या शहराच्या अंगणांत एवढें अरण्य शिल्लक राहण्यास जीं कारणें झालीं, त्यांत या दोन तलावांच्या पाणलोटाची राखण हें एक प्रमुख कारण होय.

(५)

तिसऱ्या तलावाची हकीकत निराळी आहे. पवई हा गांव एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत फ्रामजी कावसजी बानाजी यांजकडे होता. म्हणजे धोबीतलावाच्या दगडावर ज्यांचें नांव आलें, तेच हे गृहस्थ. त्यांनीं तेथें ऊंस, तुती वगैरे लागवडी केल्या, विहिरी व इमारती बांधल्या. १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं ही मालमत्ता पाहून त्यांच्या उद्योगाची वाखाणणी केली. तेथील आंबे १८३८ सालीं आगबोटीनें व्हिक्टोरिया राणीकडे विलायतेस पाठविण्यांत आले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. शेतीच्या दृष्टीनें ही भूषणास्पद हकीकत खरी. पण पाण्याच्या दृष्टीनें तिचा अर्थ असा कीं, तलाव होण्यापूर्वींच हें खोरें नांगराखालीं, गुरांखालीं व वस्तीखालीं आलेलें होतें.

पुढें पाण्याची पुन्हां ओढ लागली, व मोठी तानसा योजना पुरी होईपर्यंत तातडीची सोय म्हणून १८८९ ते १८९१ या काळांत पवईचें खोरें अडविण्यांत आलें. त्यापासून रोज सुमारें ४० लक्ष लिटर पाणी मिळावयाचें होतें. परंतु पाण्याचा कस हलका ठरला व तें पिण्याच्या कामीं सोडून देण्यांत आलें. १८९२ सालीं तानसाचें पाणी आल्यावर पवईची गरजही राहिली नाहीं.

येथें एक आक्षेप येण्याजोगा आहे. पवई मुळांतच उथळ व लहान, म्हणून तिचें पाणी बिघडलें, त्यांत राखणीचा काय संबंध, असें कोणी म्हणेल. याकरितां तुळशीशीं तिची तुलना करून पाहावी. तुळशीचा पाणलोट सुमारें ६.७६ चौरस किलोमीटर, पवईचा सुमारें ६.६१, म्हणजे जवळजवळ सारखाच. तुळशीचा जलविस्तार १.३५ चौरस किलोमीटर, पवईचा सुमारें २.१. तुळशीची सरासरी खोली १२ मीटर आहे. पवईंत १२ मीटर ही सर्वांत खोल जागा असून कांठानें ती ३ मीटरांवर येते. उथळ पाणी लवकर तापतें व त्यांत शेवाळ लवकर माजतें, हें कबूल केलें पाहिजे. म्हणजे आक्षेपांत तथ्य आहे. पण तें अर्धें आहे. उथळ तलावास राखणीची गरज अधिक, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. मिळाली मात्र त्यास सर्वांत कमी. तुळशीच्या पाणलोटांत रान राहिलें, व पवईच्या पाणलोटांत माणसांचा वावर वाढत गेला.

(६)

पाणी बिघडतें तें कसें, हें शास्त्राच्या आधारें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. कारण त्याशिवाय पुढील हकीकतीचा अर्थ लागणार नाहीं. मैला, साबण व खतें यांतून स्फुरद आणि नत्र हीं द्रव्यें पाण्यांत येतात. शेतांतील पिकास जें पोषक, तेंच तलावांतील शेवाळास व जलपर्णीस पोषक. शेवाळ माजतें, मरतें व तळाशीं बसतें. तें कुजतांना पाण्यांतील प्राणवायु संपतो व मासे गुदमरतात. तळाशीं प्राणवायु नाहींसा झाला म्हणजे गाळांत बसलेलें स्फुरद पुन्हां पाण्यांत सुटतें. म्हणजे एकदां पुरेशी घाण सांचली कीं, तलाव स्वतःच्याच गाळानें स्वतःस बिघडवूं लागतो. शिवाय उघड्या झालेल्या डोंगरावरून माती वाहून येते व तलाव आणखी उथळ होतो. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पाण्यावर तरंगणारी जलपर्णी हा रोग नव्हे, रोगाचें लक्षण आहे. व सांडपाण्याचा ओघ चालू असतां केलेली सफाई टिकणें शक्य नाहीं.

पवईस हें सर्व पुढें अनुभवास आलें. पिण्याच्या कामांतून सुटल्यावर तो तलाव कोणाच्याही घशाशीं संबंध नसलेला असा झाला. कांहीं पाणी उद्योगधंद्यांकडे गेलें, कांठीं गळानें मासे धरण्याचा शौक वाढला. १९५८ सालीं कांठालगत भारतीय तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. १९८० नंतर तर डोंगर फोडून मोठमोठ्या वसाहती उठल्या, व खालच्या अंगास गरिबांच्या झोंपड्याही वाढल्या. श्रीमंतांच्या मनोऱ्यांतील काय किंवा झोंपडींतील काय, सांडपाणी उताराच्या दिशेनेंच जातें. दोष एकट्या गरिबावर टाकण्याचा जो प्रघात आहे त्यास येथें आधार नाहीं. गणपति व देवी यांच्या मूर्तींचें विसर्जनही येथें मोठ्या प्रमाणावर होऊं लागलें. पूर्वीं पार्थिव मूर्ति मातीची असे व ती विरघळून मातींत मिळे. प्लास्टर ऑफ पॅरिस व रासायनिक रंग आल्यापासून तसें होत नाहीं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें मूर्तिविसर्जनाविषयीं २०१० सालीं मार्गदर्शक नियम काढले व २०२० सालीं ते अधिक कडक केले. कृत्रिम हौद बांधून विसर्जन करण्याची चाल आतां पुष्कळ ठिकाणीं पडली आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

केंद्र सरकारची राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना २००१ सालीं निघाली, व तींत पवईचा समावेश होऊन पाण्यांत हवा खेळविणें, जंतूंच्या साहाय्यानें घाण कुजविणें इत्यादि उपाय झाले. तरीही जलपर्णी पुनःपुन्हां माजत राहिली. कारण सांडपाण्याचे ओघ पुरते बंद झाले नाहींत. नंतर मुंबई महानगरपालिकेनें तलावाच्या कडेनें सायकलींकरितां व चालणारांकरितां मार्ग बांधण्यास घेतला. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयांत दाद मागण्यांत आली, व ६ मे २०२२ रोजीं न्यायालयानें तें काम बेकायदा ठरवून जागा पूर्ववत् करण्याचा आदेश दिला. लोकांनीं तलावाच्या कांठीं फिरावें, त्याचें सौंदर्य पाहावें, हा हेतु वाईट नव्हे. परंतु तलावाचा कांठ म्हणजे कोरी जमीन नाहीं. पावसाळ्यांत पाणी पसरण्याची, मगरींनीं अंडीं घालण्याची व वाहून येणारा गाळ अडण्याची ती जागा आहे. करमणुकीकरितां कांठच झांकला, तर ज्याकडे पाहावयाचें तें पाणीच उरणार नाहीं.

(७)

बिघडलेला तलाव सुधारत नाहीं काय? या प्रश्नाचें उत्तर आपल्या देशाबाहेरील एका उदाहरणांत मिळतें. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिॲटल शहरालगत वॉशिंग्टन नांवाचें मोठें सरोवर आहे. त्याच्या कांठच्या उपनगरांचें सांडपाणी, शुद्धीकरण करून का होईना, पण सरोवरांतच सोडलें जात असे. १९५५ सालीं त्यांत एका विशिष्ट शेवाळाचा प्रादुर्भाव झाला, व तेथील विद्यापीठांतील प्राध्यापक एडमंडसन यांनीं त्यावरून पुढील बिघाडाचें भाकीत केलें. १९५८ सालीं नागरिकांनीं मतदान करून सांडपाण्याच्या व्यवस्थेकरितां प्रादेशिक संस्था स्थापन केली. १९६३ ते १९६८ या काळांत तें सर्व पाणी मोठ्या नळांनीं सरोवरापासून दुसरीकडे वळविण्यांत आलें. पाण्यांत सोडलेली पांढरी तबकडी १९६४ सालीं ३० इंचांवर दिसेनाशी होई, ती १९६८ सालीं १० फूट खोलीपर्यंत दिसूं लागली, व पुढें पाणी याहूनही निवळलें.

या हकीकतींत तीन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. एक, रोगाचें निदान लक्षण लहान असतांनाच झालें. दोन, उपाय सरोवराच्या पृष्ठावर नव्हे तर नळाच्या तोंडाशीं झाला. तीन, त्याचा खर्च कांठावर राहणाऱ्या लोकांनीं स्वतःच्या मतानें पत्करला. सरोवर खोल व पाण्याची आलटापालट बरी, म्हणून तें लवकर सुधारलें. पवईसारख्या उथळ तलावास वेळ अधिक लागेल. पण क्रम बदलणार नाहीं : आधीं ओघ बंद, मग गाळ, व शेवटीं जलपर्णी. आपण बहुतेक ठिकाणीं हा क्रम उलटा धरतों.

(८)

विहार व तुळशी आज सुरक्षित आहेत म्हणून त्यांविषयीं निश्चिंत राहावें, असें मात्र नाहीं. मुंबईस पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठ्यांत या दोहोंचा वांटा सुमारें अडीच टक्के आहे. विहारची धारणा २७,६९८ दशलक्ष लिटर, तुळशीची ८,०४६; आणि सातांची मिळून साडेचौदा लक्ष दशलक्ष लिटरांच्या आसपास. एवढ्या थोड्या पाण्याकरितां एवढी जमीन कशास अडवून ठेवावयाची, असा हिशेब मांडणारा आज ना उद्यां निघेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, वैतरणा-भातसाचें पाणी दूरवरून नळानें येतें, आणि हें पाणी शहराच्या उशाशीं आहे. आज्ञापत्रांत राखीव टांक्यांचा जो विचार आहे, तो येथें तंतोतंत लागू पडतो.

राखणीच्या नांवाखालीं कोणावर अन्याय होऊं नये, हेंही तितकेंच खरें. या डोंगरांत वारली वगैरे आदिवासींचे पाडे आहेत, व त्यांचा या रानाशीं संबंध उद्यानाहून जुना आहे. १९९७ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें उद्यानांतील अतिक्रमणें हटविण्याचा व पात्र रहिवाशांचें अन्यत्र पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. त्याच्या अंमलबजावणींत कोण मूळचा व कोण मागाहून आलेला, हा वाद पदोपदीं निघाला. असा वाद शेवटीं कागदावर येऊन ठेपतो. आणि कागद नसलेल्याची बाजू कितीही खरी असली तरी ती पडते.

येथें आमच्या वाचकांचा या विषयाशीं प्रत्यक्ष संबंध येतो. पाणलोटाची हद्द ही जमिनीवर रेघ मारून दिसत नाहीं. ती कागदावर असते : खोतीचे पट्टे, इनामांचे ताळेबंद, मोजणीचे नकाशे, खरेदीखतें, गुरचरणीचे तंटे, ओढ्याच्या पाण्यावरून झालेले निवाडे. असे कागद साष्टी, ठाणें, वसई व कल्याण या भागांतील जुन्या घरांत अद्याप असतात. त्यांत लढाई नाहीं, मसलत नाहीं, म्हणून संग्राहक ते बाजूस टाकतात. रद्दींत जातात तेही हेच. आमची विनंति आहे कीं, ज्यांच्या संग्रहीं तळें, ओढा, बांध, रान किंवा गांवशीव यांसंबंधीं एखादा कागद असेल, त्यांनीं तो क्षुल्लक न मानितां त्याची नक्कल करून ठेवावी, तारीख व गांवांचीं नांवें नीट वाचावीं, व तो संशोधकांस पाहावयास मिळेल अशी व्यवस्था करावी. एखाद्या ओढ्याचें पात्र कोठून जात होतें, एखादी जमीन तळ्याच्या बुडिताची होती कीं नव्हती, हें उद्यां न्यायालयापुढें सिद्ध करण्यास कदाचित् तोच एक कागद उपयोगी पडेल.

साष्टींतील तीन तलावांचा इतिहास आमच्या समजुतीप्रमाणें येणेंप्रमाणें आहे. कान्हेरीच्या भिक्षूनें डोक्यावरील खडक राखिला व त्याचें टांकें टिकलें. मुंबईच्या दात्यांनीं तळीं बांधलीं, पण भोंवतालची जागा राखण्याची व्यवस्था झाली नाहीं, आणि तळ्यांचीं नुसतीं नांवें राहिलीं. विहार-तुळशीचें रान राखिलें व पाणी राहिलें. पवईचें रान गेलें व पाणी गेलें. तलाव राखणें म्हणजे त्यांत पडणारा पाऊस जेथून वाहत येतो ती जमीन राखणें होय, आणि ती जमीन राखण्याचें पहिलें साधन तिच्या हद्दीचा कागद होय. त्या कागदाची जोपासना करणें हें तरी आमच्यासारख्यांच्या हातांत आहे.